व्हीनसला आडोसा

म्युझियमच्या शिकाऊ गाईडांना शिकवणाऱ्या लोरेनच्या फॉर्मवर बारा प्रश्न होते. आवाज मागच्या माणसापर्यंत पोचतो का, माहिती बरोबर आहे का, पाहुण्यांना बोलू दिलं का, असे. अकरा प्रश्नांपुढे शैलजाला पाचपैकी पाच होते. बारावा प्रश्न होता, पाहुण्यांना वस्तू नीट दिसली का? त्यापुढे शून्य होतं आणि खाली लोरेनच्या गोल, शाळकरी अक्षरात एक ओळ होती : व्हीनसविषयी इतकं छान मी आजवर ऐकलं नव्हतं, पण ती मला एकदाही दिसली नाही.

"मी मध्ये उभी होते?" शैलजाने विचारलं.

"पूर्ण वेळ," लोरेन म्हणाली. "मी डावीकडे सरकले, तर तूही डावीकडे सरकलीस. मला वाटलं, मुद्दाम करतेयस."

"मुद्दाम नाही केलं."

"ते कळलं मला. आणि आणखी एक. पंधरा मिनिटांत तू 'शरीर' हा शब्द एकदाही उच्चारला नाहीस. ती नग्न आहे, हेही सांगितलं नाहीस."

"ते काय सांगायचं? दिसतंच की."

"कसं दिसणार?" लोरेन म्हणाली. "तू मध्ये होतीस."

शैलजाला हसू आलं, पण ते टिकलं नाही. दोन आठवड्यांनी दुसरी संधी होती, आणि तीच शेवटची. त्यात जमलं नाही, तर गाईडच्या पुढच्या तुकडीपर्यंत थांबायचं, आणि पुढची तुकडी दोन वर्षांनी.

नोव्हाय या गावात येऊन तिला बावीस वर्षं झाली होती. तिचा नवरा विनय गाड्यांच्या सीट डिझाइन करतो. तो तिला या देशात घेऊन आला, तेव्हा तिच्या कागदावर 'अवलंबून' या अर्थाचा शब्द छापलेला होता. तो शब्द गेला, ग्रीन कार्ड आलं, पुढे पासपोर्टही बदलला. मधली बारा वर्षं तिने जवळच्या प्राथमिक शाळेत जेवणाच्या सुट्टीत पोरांच्या दुधाचे खोके उघडून दिले, सांडलेला सफरचंदाचा सॉस पुसला. मुलगी रुही फिजिओथेरपिस्ट होऊन दोन तासांवर ग्रँड रॅपिड्सला राहायला गेली. मग एके दिवशी घरापासून चाळीस मिनिटांवरच्या एका कॉलेजच्या छोट्या म्युझियममध्ये स्वयंसेवक गाईड हवेत, अशी जाहिरात शैलजाने वाचली आणि कुणालाही न विचारता फॉर्म भरला. वर्षभर दर सोमवारी ती स्वतः ड्राइव्ह करून वर्गाला गेली. बर्फात गेली, पावसात गेली, एकदा गाडी रस्त्याच्या कडेला रुतली तरी ट्रक बोलावून गेली. विनय ऑफिसात सांगायचा, बायको कॉलेजला जाते. तो गमतीत सांगायचा, पण शैलजाला ते ऐकायला आवडायचं.

शेवटच्या परीक्षेसाठी प्रत्येकाने म्युझियममधली एक वस्तू निवडायची होती. कुणी ग्रीक घडा घेतला, कुणी इजिप्तची मांजर. शैलजाने व्हीनस घेतली. दीड हात उंचीची संगमरवरी मूर्ती, रोमन, पहिल्या शतकातली. उजवा पाय उचलून सँडलचा बंद सोडते आहे, डावा हात शेजारच्या छोट्या खांबावर टेकलेला. त्या दालनातल्या बाकी सगळ्या मूर्ती पांढऱ्याफटक होत्या. हिच्या अंगावर मात्र सोनं होतं. म्हणजे सोन्याचं जे उरलं होतं ते. केसांच्या वळणांत, दंडावरच्या वाकीत, आणि दोन्ही खांद्यांवरून उतरून छातीच्या मधोमध एका फुलात अडकणाऱ्या आणि तिथून कमरेकडे जाणाऱ्या साखळीत.

पहिल्याच दिवशी त्या मूर्तीपुढून जाताना शैलजाचे पाय थांबले होते. बाकीचे वर्गाकडे गेले आणि ही काचेला नाक लावून उभी. सोन्याखाली तांबूस-पिवळ्या मातीचा थर दिसत होता. वर्ख बसावा म्हणून आधी तो थर द्यायचा आणि मग वर्ख दाबायचा. जिथे पुसणाऱ्याचं बोट पोचत नाही, तिथे सोनं दोन हजार वर्षं टिकतं. कानांच्या पाळ्यांना बारीक भोकं होती, म्हणजे खरी कर्णफुलं घालत असणार. हे तिला कुणी शिकवायला लागलं नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात जानाईच्या देवळाचं गुरवपण तिच्या घराकडे होतं. देवीचे चांदीचे डोळे मेण आणि राळ एकत्र करून कसे बसवतात, उन्हाळ्यात ते का ओघळतात, नथ आधी घालायची की मळवट आधी भरायचा, हे तिला पाढ्यांसारखं पाठ होतं.

पुढे वर्गात कळलं की एप्रिलच्या पहिल्या तारखेला रोमच्या बायका व्हीनसच्या मूर्तीच्या गळ्यातले सोन्याचे हार काढून तिला न्हाऊ घालायच्या, अंग कोरडं करायच्या, हार पुन्हा चढवायच्या आणि ताजी फुलं वाहायच्या. त्या दिवशी शैलजा घरी येऊन विनयला म्हणाली, "अहो, हे लोक अगदी आपल्यातलेच निघाले."

"आणि कपडे?" विनयने विचारलं होतं.

"कपड्यांचं काही सांगितलं नाही," असं म्हणून तिने विषय बदलला होता.

शनिवारी रुही आली. आईचा फॉर्म तिने दोनदा वाचला आणि सोफ्यावर आडवी होऊन हसली. "आई, ही डावी-उजवीकडची गोष्ट मला बघायचीच आहे. चल, प्रॅक्टिस."

"मूर्ती कुठाय?"

"बाबा आहेत ना."

विनय शनिवारच्या मूडमध्ये होता. त्याने खांद्यावर टॉवेल टाकला, एक पाय उचलला, टीव्हीच्या टेबलाला हात टेकला आणि म्हणाला, "लवकर बोल, गुडघा दुखतोय."

"अहो, हलू नका."

"देवी हलत नाही, पण देवीला चहा मिळतो."

शैलजा बोलायला लागली. रुहीने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. पहिल्या मिनिटात शैलजा बाजूला होती, दुसऱ्या मिनिटात विनयचे गुडघे झाकले गेले, तिसऱ्या मिनिटात विनय पूर्ण नाहीसा झाला. मग विनयमधला इंजिनियर जागा झाला. त्याने गॅरेजमधून चिकटपट्टी आणली, गालिच्यावर चौकोन आखला आणि म्हणाला, "ही तुझी जागा. प्लस-मायनस सहा इंच चालेल. याच्या बाहेर पाय नको." शैलजा चौकोनात उभी राहिली. वर्खाच्या गोष्टीपर्यंत ती चौकोनात होती. साखळीचा विषय निघाला आणि पाय आपोआप निघाले.

"आई, यू आर अ गोलकीपर," रुही म्हणाली. "शी शॉट, यू सेव्ह्ड."

"मला कळतच नाही गं. मी जाते कशी तिथे?"

"बघ ना स्वतःच." रुहीने फोन पुढे केला.

आपण स्वतःला पाठीमागून किंवा बाजूने कधी बघत नाही. त्या छोट्या पडद्यावर एक त्रेपन्न वर्षांची बाई होती, निळा स्वेटर, केसांना क्लिप. बोलता बोलता ती हळूहळू आत सरकत होती. ते तिला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं ते हाताचं. उजवा हात कोपरात वाकवून तिने अंगापासून दूर धरला होता, मूठ मिटलेली, खांद्याइतकी उंच. त्या मुठीत काहीही नव्हतं. तरी ती काहीतरी धरून होती.

शैलजाने रेकॉर्डिंग मागे नेऊन पुन्हा पाहिलं. मग फोन पालथा ठेवला.

"काय झालं?" विनयने पाय खाली घेतला.

"पडदा," ती म्हणाली.

जानाईला न्हाऊ घालताना आणि लुगडं बदलताना गाभाऱ्यापुढे पडदा ओढतात. त्यांच्या देवळातल्या पडद्याची दांडी एका बाजूने भिंतीतून निखळली होती. कुणीतरी ती बसवणार होतं, पण बसवली नाही. म्हणून डावी बाजू खुंटीला अडकवायची आणि उजवी बाजू कुणीतरी हाताने धरायची. नवव्या वर्षापासून ते काम शैलजाचं. तोंड लोकांकडे, पाठ देवीकडे. नियम एकच. पडदा धरणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही. अण्णा, म्हणजे तिचे वडील, आत काय करतायत ते तिला आवाजावरून कळायचं. तांब्याचा आवाज, मग ओल्या दगडावर फडक्याचा, मग नव्या लुगड्याच्या कडक घडीचा, मग नथीच्या फासाची बारीकशी टिचकी. ती ऐकली की हात खाली सोडायचा. अण्णाही आत मान खाली घालूनच काम करायचे. त्यांच्या हातांना सगळं ठाऊक होतं. चौदाव्या वर्षापर्यंत तिने पडदा धरला, म्हणजे पाच वर्षं, आणि सणासुदीला दिवसातून दोनदा. तिने देवीला नटलेली हजार वेळा पाहिली होती. नटण्याआधीची कधीच नाही.

हे तिने विनयला आणि रुहीला सांगितलं. रुहीने पालथा फोन उचलून तो हात पुन्हा पाहिला. मग म्हणाली, "सो यू नेव्हर लुक्ड?"

"नाही."

"नाही, मला म्हणायचंय, या व्हीनसला. तू हिला तरी बघितलंयस का?"

शैलजाने उत्तर देण्यासाठी तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की तिने सोनं पाहिलं होतं. कण न् कण पाहिला होता, वहीत काढून घेतला होता. सोनं जिथे संपतं तिथे तिची नजरही संपली होती.

सोमवारी ती वर्ग नसताना म्युझियमला गेली. मूर्तीपुढे बाक होता, त्यावर बसली. पहारेकरी ओळखीचा झाला होता, त्याने मान हलवली. सुरुवातीची दहा मिनिटं तिने नेहमीप्रमाणे दागिने पाहिले. मग उठून दुसऱ्या बाजूला गेली. मग बसली आणि मुद्दाम, शाळेत कठीण पान वाचतो तसं, सोनं सोडून बाकीचं बघायला लागली.

एका पायावर उभं राहिल्यामुळे कंबर एकीकडे झुकली होती आणि पोटावर एक हलकी घडी पडली होती. म्हणजे हिला पोट होतं. खांब घट्ट धरलेला नव्हता, बोटं नुसती टेकली होती, तोल जाईल याची तिला फिकीर नव्हती. साखळी छातीवरून जिथे जात होती, तिथे कोरणाऱ्याने मांस किंचित दबलेलं दाखवलं होतं, केसाइतकं. शैलजाने तेवढ्यासाठी चष्मा पुसून पुन्हा लावला. दगड दबला नव्हता, पण डोळ्याला तो मऊ लागत होता. आणि तो मऊ लागत होता साखळीमुळेच. सोनं अंगावरून उतरत होतं आणि नजरेला हाताशी धरून नेत होतं. खांद्यावरून फुलापाशी, फुलापासून बेंबीपाशी. मधेमधे वर्ख झडला होता, तिथे संगमरवर नुसता सोन्याच्या शेजारी असल्याने उबदार दिसत होता, उन्हात बसलेल्या बाईच्या पाठीसारखा. हे सोनं काही झाकत नव्हतं. झाकायला ते घातलंच नव्हतं.

शैलजाला कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारख्या वाटल्या. तिने आजूबाजूला पाहिलं. पहारेकरी जांभई देत होता. मग तिने पुन्हा पाहिलं, सावकाश, जिथे जिथे नजर थांबायला नको म्हणायची तिथेही. व्हीनसला काही वाटलं नाही. ती आपला बंद सोडत राहिली. तासाभराने शैलजा बाहेर आली, गाडीत बसली आणि आरसा खाली ओढून स्वतःच्या गळ्यातलं मंगळसूत्र बघत बसली, ते कुठून निघतं आणि कुठे जाऊन थांबतं. मग स्वतःशीच "चला" म्हणून तिने गाडी काढली.

दुसऱ्या संधीचा एक नियम होता. पाहुणे आपले आपण आणायचे, निदान सहा. म्युझियमचे नेहमीचे लोक पहिल्याच फेरीत ऐकून झालेले असतात, म्हणून. शैलजाच्या ओळखी शाळेतल्या आणि मराठी मंडळातल्या. शाळेचे दिवस होते, म्हणून मंडळच उरलं. मंडळाच्या ग्रुपवर तिने निरोप टाकला आणि पाच बायकांनी हो म्हटलं. सहाव्या आल्या वीणाकाकू. वय अठ्ठ्याहत्तर, मुलाकडे राहतात, नागपूरला मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. हळदीकुंकवाला कुणाचा ब्लाउज पाठीला खोल असला, तर त्या तिला शाल देऊ करतात.

"वीणाकाकूंना कुणी सांगितलं?" शैलजाने विनयला विचारलं.

"ग्रुपवर त्याही आहेत की. त्यांना मी पिक-अप करणार आहे. हाफ-डे टाकलाय."

"अहो, त्यांना माहितीये ना, कसली मूर्ती आहे ते?"

"मी म्हटलं, देवीची आहे."

बुधवारी दुपारी सगळ्या आल्या. जॅकेटं काढून ठेवण्यातच दहा मिनिटं गेली. लोरेन फॉर्म घेऊन मागे उभी राहिली. वीणाकाकूंच्या पायात मुलाचे बर्फातले बूट होते, अंगावर शाल होती. दालनाच्या दारातच त्यांनी विचारलं, "चपला काढायच्या का गं?"

"नको काकू, इथे नाही काढत."

"बरं झालं. हे बूट काढायला दोन माणसं लागतात."

शैलजाने त्यांना मूर्तीभोवती अर्धगोलात उभं केलं. समोर सहा ओळखीचे चेहरे होते, सगळे तिच्याकडे वळलेले, आणि पाठीमागे ती. हे सगळं इतकं जुनं आणि ओळखीचं होतं की तिला उजव्या खांद्यात ओढ जाणवली. कोपर वर निघालंच होतं. तिने ते पाहिलं. हात खाली घेतला, आणि मग तिला सुचलं ते तिने केलं. ती बायकांच्या मधून वाट काढत त्यांच्या मागे गेली. वीणाकाकूंच्या शेजारी, लोरेनच्या एक पाऊल पुढे, जिथून तीही बघणारीच होती. सगळ्या माना तिच्याबरोबर मागे वळल्या.

"माझ्याकडे नका बघू," शैलजा इंग्रजीत म्हणाली. "तिच्याकडे बघा."

माना पुन्हा पुढे गेल्या.

"ही व्हीनस. प्रेमाची आणि सौंदर्याची देवी. ती नग्न आहे." हे वाक्य बोलून ती थांबली, कारण पुढचं आठवेना.

"ते दिसतंय गं," वीणाकाकू मराठीत म्हणाल्या. "पुढे बोल."

दोघी-तिघी हसल्या, आणि शैलजाला पुढचं आठवलं. ती वर्खाविषयी बोलली, मातीच्या थराविषयी बोलली, एप्रिलच्या स्नानाविषयी बोलली. पण या वेळी प्रत्येक वेळी ती सोन्यावरून अंगावर आली. साखळी कुठे दबते ते तिने दाखवलं. पोटावरची घडी दाखवली, तेव्हा पुढून कुणीतरी "अय्या, हिलाही" म्हणालं. रोमन लोकांना या मूर्ती पांढऱ्या कधीच ठाऊक नव्हत्या, हे तिने सांगितलं. ओठ रंगवलेले असत, केस सोनेरी असत, आणि दिव्याच्या उजेडात सोनं हललं की अंगही हलल्यासारखं वाटत असणार. 'शरीर' हा शब्द ती किती वेळा बोलली, ते तिने मोजलं नाही.

"मला एक विचारायचंय," वीणाकाकू म्हणाल्या. या वेळी इंग्रजीत, मुख्याध्यापिकेच्या इंग्रजीत. "ही बाई कपडे काढून स्नानाला निघाली आहे. सँडलही काढते आहे. मग दागिने का ठेवलेत अंगावर? कुठल्याही शहाण्या बाईने आधी दागिने काढून डब्यात ठेवले असते."

लोरेनचं पेन थांबलं. शैलजा क्षणभर मूर्तीकडे बघत राहिली.

"ती काढायला विसरलेली नाही, काकू," ती म्हणाली. "कपडे असते, तर आपण कपडे बघितले असते. काहीच नसतं, तर आपण लाजून दुसरीकडे बघितलं असतं. मी तेच करत होते. ही साखळी आपल्याला लाजू देत नाही. ती म्हणते, मी सोनं आहे, मला बघ. आणि सोनं बघता बघता आपण तिला बघतो. मला वाटतं, ती ते जाणून आहे. तिला बघितलेलं चालतं."

विनय दारापाशी उभा होता, त्याने खिशातले हात बाहेर काढले.

"हं," वीणाकाकू म्हणाल्या.

टूर संपली. बायका कॉफीसाठी खालच्या मजल्यावर निघाल्या, कुणाच्या तरी डब्यात शंकरपाळे होते. लोरेनने दालनाबाहेर येऊन फॉर्म पुरा केला, खाली सही केली आणि शैलजाच्या हातात दिला. बाराव्या प्रश्नापुढे पाच होते. पहिल्या प्रश्नापुढे मात्र चार होते, आणि शेजारी टीप : पाहुण्यांच्या मागून बोलते, आवाज थोडा वाढवावा.

"मागून बोलणारी गाईड मी वीस वर्षांत पाहिली नाही," लोरेन म्हणाली. "बदलू नकोस. मंगळवारी सकाळी येशील? हायस्कूलचा एक ग्रुप आहे."

"येईन," शैलजा म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज वाढवून म्हणाली, "येईन."

विनयने लांबूनच अंगठा दाखवला. "आता खाली चल. शंकरपाळे संपतायत. आणि वीणाकाकू कुठायत? त्यांना चारपर्यंत घरी सोडायचंय."

वीणाकाकू कुठेही गेल्या नव्हत्या. मूर्तीपुढच्या बाकावर बसल्या होत्या, शाल मांडीवर, चष्मा नाकाच्या टोकावर, मुलाच्या बुटांतले पाय एकमेकांवर ठेवून. शैलजा त्यांच्याजवळ गेली. "काकू, निघायचं ना?"

"थांब दोन मिनिटं," त्या मूर्तीवरची नजर न काढता म्हणाल्या. "अजून साखळीपर्यंतच आलेय."

शैलजा त्यांच्या शेजारी बसली.